एकोणीस ठोके

आमच्या गावात माणूस गेलं की ख्रिस्ती देवळाची घंटा वाजते. जेवढं वय, तेवढे ठोके. वरच्या वाफ्यांत कांदा खुरपणाऱ्या बाया हातातलं टाकून मोजायला लागतात. ऐंशीच्या पुढे आकडा गेला तर कुणीतरी हसून म्हणतं, "म्हातारी सुटली गं, आता जेवणावळीला म्हैस कापतील." पण तिशी-पस्तिशीत घंटा थांबली तर कुणी कुणाकडे बघत नाही. आकड्यावरूनच कळतं कोण गेलं ते. सरोवराच्या काठचं एवढंसं गाव, सगळ्यांची वयं सगळ्यांना पाठ.

ही घंटा सत्तावीस वर्षं ओम्पु तोगारनं वाजवली.

त्याचं स्वतःचं नाव जाउलाम. पण आमच्या बटक लोकांत पहिला नातू झाला की माणसाचं नाव मागे पडतं. तोगारचा आजा, म्हणून ओम्पु तोगार. मुलगा मारोलोप, तो झाला आमा तोगार, म्हणजे तोगारचा बाप. तोगार तीन वर्षांचा होऊन तापानं गेला, पण नाव तसंच राहिलं. बाजारात कांदा घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा दिवसातून दहा वेळा त्या लेकराचं नाव घेऊन आज्याला हाक मारायचं. तो "हां, बोला" म्हणायचा.

तरुणपणी हा माणूस ताडीच्या दुकानात बुद्धिबळ खेळत पडलेला असायचा. एकदा पलीकडच्या काठावरून एक म्हातारे उपदेशक आले. त्यांनी शास्त्रातल्या दाविद राजाच्या शूर वीरांपैकी एलाजारची गोष्ट सांगितली. पलिष्टी चालून आले, इस्राएलाचे लोक मागे हटले, हा एकटा उभा राहिला. मारून मारून हात थकला तरी तलवार सुटली नाही, हात मुठीला चिकटूनच बसला. बस, एवढंच. जाउलाम त्या दिवशी घरी गेला तो ताडीच्या दुकानात परत चढला नाही. देवानं तलवार दिली असेल तर ती आपल्या हातून पडता कामा नये, एवढं एकच त्यानं आयुष्यभर धरलं. कोंबडा आरवायच्या आधी प्रार्थना. पावसात, तापात, कापणीत एकही रविवार चुकला नाही. शेताच्या बांधाचं भांडण असो, खोटी साक्ष असो, त्याच्याकडून वाकडं पाऊल पडलं असं त्याच्या वैऱ्यानंही कधी म्हटलं नाही. मंडळीनं त्याला सिंतुआ केलं, म्हणजे मंडळीचा वडील, आणि घंटेची दोरी त्याच्या हाती दिली.

रविवारच्या शाळेत आम्हा पोरांना तोच शिकवायचा. एकदा त्यानं सगळ्यांच्या हातात कुदळीचे दांडे दिले आणि म्हणाला, "हात पुढे. गीत संपेपर्यंत खाली आणायचे नाहीत." दुसऱ्याच कडव्याला माझा हात खाली आला. मारोलोप माझ्याच बाकावरचा. त्यानं शेवटपर्यंत धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर बापाच्या तोंडावर होती, शाबासकीची वाट बघत. ओम्पु म्हणाला, "बस आता."

त्याची बायको, आम्ही सगळे तिला इनांग म्हणायचो, म्हणजे आई. जिभेची तिखट. ती म्हणायची, "एलाजारला बायको असणार बघा. नाहीतर त्या चिकटलेल्या हाताला भात कुणी भरवला? शास्त्रात तिचं नाव नाही, पण मला ती ओळखीची वाटते." ओम्पुसुद्धा गालात हसायचा. ते दिवस चांगले होते.

आमच्या मंडळीची शिस्त कडक. दारोदार सांगायची गरज नाही, सगळ्यांना माहीत असते. मोठं पाप उघड झालं तर माणसाला मंडळीबाहेर काढतात. प्रभुभोजन बंद. त्या अवस्थेत मरण आलं तर घंटा नाही, पाळक नाही, गीत नाही. परत यायची वाट एकच. रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून पाप कबूल करायचं. मग ज्याचं मन त्यात दुखावलं असेल त्यानं आधी आपल्या जागेवर उठायचं, त्याच्या मागून मंडळी उठते. सगळे उभे राहिले की तो बसतो.

तोगारची घंटा आज्यानंच वाजवली होती. तीन ठोके. ते संपायच्या आत बायांना खुरपं खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही. पुढं महिन्याभरानं कळलं की मारोलोपनं तापात पोराला दातूकडे नेलं होतं. दातू म्हणजे आमच्याकडचा जुना मंत्र टाकणारा वैदू. मंडळीत त्याच्या उंबऱ्याला पाय लावणं म्हणजे परक्या देवाला हात जोडणं. उपासनेनंतर सगळ्यांसमोर विचारणा झाली. विचारणारा बापच.

"दातूकडे गेला होतास?"

"गेलो होतो, आमांग." आमांग म्हणजे बाबा.

"का?"

"गोळ्या संपल्या होत्या. दवाखान्याची बोट दोन दिवसांनी होती. दातूचं घर चालत जाण्यासारखं होतं."

"चूक झाली असं म्हण."

मारोलोपनं बापाकडे बघितलं. मग म्हणाला, "तोगार वाचला असता तर म्हटलं असतं. आता म्हटलं तर त्याच्यासाठी धावलो हीच चूक ठरेल. ते माझ्या तोंडून यायचं नाही."

मंडळीच्या वडिलांनी हात वर करून मत द्यायचं होतं. पहिला हात ओम्पु तोगारचा वर गेला. बाकीच्यांचे मागून, एकेक करून. इनांगनं पदर तोंडात कोंबला होता.

त्या दिवसापासून ओम्पु मुलाच्या घराची पायरी चढला नाही. दोन घरांत तीनशे पावलांचं अंतर. बांधावर समोरासमोर आले तर बाप उजवीकडे बघायचा, लेक डावीकडे.

त्याच सुमारास विधवा नाई रुमोंडांगची लेक परत आली. नाई म्हणजे अमकीची आई. हिची रुमोंडांग एकोणीस वर्षांची, एकुलती एक. ती एका बायकोवाल्या बसड्रायव्हरबरोबर निघून गेली होती, ती पोट घेऊन एकटीच आली. तिनं मान्य केलं होतं की येत्या रविवारी उभी राहीन. त्यासाठी आईनं नवा पांढरा झंपर शिवला. बुधवारी तिला अवेळी कळा आल्या. ती गेली, पोटातलं बाळही गेलं.

नाई रुमोंडांग चालत देवळापाशी आली. मी तिच्याबरोबर होते, आमची शेतं लागून.

"ओम्पु, चार दिवसांचा प्रश्न आहे."

"चार दिवस असोत की चार घटका, बाई. ती उभी राहिली नाही."

"राहणार होती. झंपर दोरीवर वाळतोय, या बघायला."

"मी काय करू? नियम मी केलेला नाही. माझ्या पोटच्या पोरालासुद्धा मी काढलंय."

नाई रुमोंडांगनं डोकीवर पदर घेतला. "तुमचा मुलगा जिवंत आहे," एवढंच म्हणून ती वळली.

रुमोंडांगला पुरायला मंडळीतलं कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. लपवून काय करू? खड्डा मारोलोपनं खणला, एकट्यानं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, आणि त्याच्याजवळ गमवायलाही काही नव्हतं.

त्याला चौदा महिने झाले. भर दुपारी डोंगरावरून वारा उतरला आणि कांद्याच्या गोणी घेऊन निघालेली मारोलोपची होडी उलटली. तो दुसऱ्या दिवशी सकाळी वेळूच्या बेटापाशी सापडला. वय एकतीस.

त्याला बापाच्या घरी आणलं, कारण त्याची बायको आधीच माहेरी निघून गेली होती. मी चुलीपाशी कॉफीचं पाणी ठेवत होते. पाळकसाहेब मंडळीच्या दोन वडिलांना घेऊन आले. चटईवर बसल्या बसल्या पाळकसाहेब म्हणाले, "ओम्पु, आम्ही आपसात बोललो. घंटा वाजवा. शिस्त माणसांसाठी असते. तुमच्या सत्तावीस वर्षांची एवढी तरी लाज आम्हाला राखू द्या."

ओम्पु मुलाच्या पायांपाशी बसला होता. पायांना चिखल होता, तो ओल्या फडक्यानं बोटाबोटांतून काढत होता. वर न बघता म्हणाला, "नाई रुमोंडांगच्या दारात जाऊन हे सांगाल?"



इनांग म्हणाली, "मी सांगते. मी तिच्या पाया पडते. तुम्ही उठा."

तो उठला. फडकं तिच्या हातात दिलं आणि देवळाच्या पायऱ्या चढायला लागला. अंगणातल्या माणसांनी सुस्कारा सोडला. ताडीच्या दुकानाचा मालक बिनसार माझ्या कानाशी म्हणाला, "शेवटी बापच तो. दगडाला पाझर फुटला."

पहिला ठोका पडला. अंगणातले सगळे मोजत होते, ओठ हलवत. इनांगचं मोजणं ऐकू येत होतं. दहा. पंधरा. अठरा. एकोणीस.

मग घंटा थांबली.

आम्ही वाट बघितली. वर काहीच हलेना. बिनसार म्हणाला, "हात गळाला वाटतं म्हाताऱ्याचा. उरलेले मी मारतो," आणि धावत सुटला. त्याच्या मागून इनांग आणि मी.

ओम्पु घंटेखाली दगडावर बसला होता.

"ओम्पु, सरका," बिनसार धापा टाकत म्हणाला. "बारा राहिले."

"काही राहिलं नाही. ज्याचे होते त्याचे पुरे झाले."

इनांग भिंतीला टेकली. बिनसारला कळेना. मला कळलं, पण माझ्याआधी जिला कळलं होतं ती खालून चढून येत होती. हाताला कोपरापर्यंत शेताची माती, खुरपं तसंच मुठीत. नाई रुमोंडांग.

"एकोणीस मोजले मी," ती म्हणाली. "कुणाचे?"

ओम्पु उठून उभा राहिला. "तुमच्या लेकीचे, बाई. ती उभी राहणार होती. मी चार दिवस तिच्या पदरात पाप म्हणून टाकले. ते पाप माझं होतं."

"चौदा महिन्यांनी?"

"हो."

"तिला आता ऐकू येतं का?"

ओम्पुनं लोंबणारी दोरी खुंटीला अडकवली.

"आणि तुमच्या पोराची घंटा?"

"तो नाही म्हणाला होता. त्याला मी नाही वाजवू शकत. तुमच्या बाबतीतली चूक निस्तरायला आलो आणि लगेच घरच्यासाठी दुसरी केली, असं कसं करू?"

"माझ्या पोरीचा खड्डा त्यानं खणला!" ती ओरडली. "तुम्ही सगळे दारं लावून बसला होतात. हाताला फोड आले तर त्यानं माझ्याकडे चिंधी मागितली. मी सांगते, वाजवा. माझ्या पोरीचे परत घ्या आणि त्याला द्या."

ओम्पुनं मान हलवली. नाही.

"माणूस आहात की खांब?" ती म्हणाली आणि खाली बसून रडायला लागली. लेकीच्या वेळीसुद्धा ती अशी रडली नव्हती. इनांग तिच्याशेजारी जाऊन बसली. दोघींच्या मध्ये ते खुरपं पडलं होतं.

मारोलोपला पाळकाविना, गीताविना पुरलं. इनांगनं जुना विलाप धरला, आमच्या आज्या-पणज्या धरायच्या तसा, हेल काढून, मेलेल्याला विचारत, बोलावत, रागावत. मंडळीला तो आवडत नाही. त्या दिवशी एकाही वडिलानं डोळे वर केले नाहीत. ती मुलाला मारोलोप म्हणत नव्हती. "तोगारच्या बापा, तोगारच्या बापा," असंच म्हणत होती, जणू धाकट्यानं थोरल्याचं बोट धरून नेलं असावं. ओम्पु कडेला उभा होता. अंगात सिंतुआचा काळा झगा नव्हता. साधा सदरा.

पुढच्या रविवारी तो झगा घडी घालून वेदीसमोरच्या मेजावर ठेवलेला दिसला, आणि ओम्पु तोगार जिथं लोकांना उभं करायचा तिथं जाऊन उभा राहिला. मंडळीत असं कधी घडलं नव्हतं. पाळकसाहेब विचारणा सुरू करायचंच विसरले.

ओम्पु स्वतःच बोलला. "तरुणपणी मी एलाजारची गोष्ट ऐकली आणि ठरवलं की सगळे हटले तरी आपण हटायचं नाही. ते ठरवणं वाईट नव्हतं. आजही मला ते वाईट वाटत नाही. पण एलाजारसमोर पलिष्टी होते. माझ्यासमोर कोण आहे हे मी नीट बघितलं नाही. ती एकोणीस वर्षांची पोर होती. ती परत येत होती आणि मी दारात तलवार घेऊन उभा होतो. हे पाप मी कबूल करतो."

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "आणखी काही?"

त्यानं बायकांच्या बाजूला इनांगकडे बघितलं. "मुलाबद्दल काय कबूल करायचं ते मला कळत नाही. नियम बरोबर होता. आणि तो गेला. याच्या पुढे मला वाक्य येत नाही."

आता नाई रुमोंडांगनं उठायचं होतं. ती बसून राहिली. गीत झालं, प्रार्थना झाली, लोक घरी गेले. ओम्पु तिथंच उभा. दुसऱ्या रविवारीही तसंच, तिसऱ्याही. बाहेर बाया कुजबुजायच्या, "अगं, किती ताणायचं?" नाई रुमोंडांग त्यांना म्हणायची, "मला उठता येत नाही. गुडघ्यात नाही, इथं." आणि छातीवर हात ठेवायची. तिला कुणी दोष दिला तर मला राग यायचा. देवासमोर खोटं उठण्यापेक्षा खरं बसणं बरं.

चौथ्या रविवारी उपदेश चालू असताना मध्येच ती उठली. पाळकसाहेब थांबले.

"क्षमा झाली की नाही ते मला माहीत नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "त्याचे पाय सुजलेत. बसू द्या त्याला."

आणि मंडळी उठली. बाकांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कुणीतरी हुंदका दिला. ओम्पुला बसायचं सुचेचना. त्याला दोघांनी धरून शेवटच्या बाकावर नेलं.

उपासना सुटल्यावर इनांग पायरीवर एकटीच उभी होती. मुलाला पुरल्यापासून ती नवऱ्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हती. तो लंगडत तिच्याजवळ आला. मी मागेच होते, पुढे सरकायला वाट नव्हती.

"घेतलं का तुम्हाला परत?" तिनं विचारलं.

"घेतलं."

"चार रविवारांत."

"हो."

"त्याला कुणी चार रविवार दिले?"

"त्यानं मागितले नाहीत गं."

"तुम्ही बाप होता," इनांग म्हणाली. "त्याच्या वतीनं तुम्ही मागायचे होते."

ती पायऱ्या उतरून गेली. तो तिथंच कठड्याला धरून उभा राहिला. मी पुढं होऊन हात दिला तर म्हणाला, "जा बाई तू, मला उतरता येतं." पण बराच वेळ उतरला नाही.

झगा त्यानं परत अंगावर घेतला नाही. घंटेची दोरी दुसऱ्याच्या हाती गेली. त्यानंतर अकरा वर्षं तो जगला, आणि त्या अकरा वर्षांत मंडळीनं ज्याला ज्याला बाहेर काढलं, त्याच्या घरी हा रोज संध्याकाळी जाऊन बसायचा. नियमाबद्दल अवाक्षर नाही. कांदा कसा आलाय, म्हैस गाभण आहे का, छप्पर गळतंय का, एवढंच. काहींनी शिव्या दिल्या, एकानं अंगावर कुत्रं सोडलं. दुसऱ्या दिवशी हा परत दारात. काही जण पुढे मंडळीसमोर उभे राहिले, काही शेवटपर्यंत उभे राहिले नाहीत. त्यांच्याकडे जाणंही त्यानं सोडलं नाही.

ताडीवाला बिनसार उभं न राहिलेल्यांतला. दुसरी बाई घरात आणली म्हणून त्याला काढलं होतं, आणि तो काही तिला सोडणार नव्हता. एका संध्याकाळी मी मीठ घ्यायला त्याच्या दुकानात गेले होते. ओम्पु बाकावर बसलेला.

"काय म्हातारबा, आलात पुन्हा?" बिनसार म्हणाला. "काल हाकललं ना तुम्हाला?"

"हाकललंस."

"मग? मी काही तुमच्या देवळात उभा राहणार नाही. रोज येऊन माझं गिऱ्हाईक पळवता. तुम्हाला बघून लोकांच्या घशाखाली ताडी उतरत नाही."

ओम्पु हसला. बिनसारला ते हसणं झोंबलं असावं. तो एकदम म्हणाला, "मारोलोपच्या घरी किती वेळा जाऊन बसला होतात हो?"

 मला वाटलं म्हातारा आता उठून जाईल.

"एकदाही नाही," ओम्पु म्हणाला. "कॉफी आहे का?"

बिनसारनं हातातला ताडीचा पेला फळीवर ठेवला. मग आत जाऊन त्यानं चुलीवर पाणी ठेवलं.